डावा कार्ब्युरेटर

"त्यातला एक मी करतो की!" असं मी सासरी भर चहाच्या वेळी बोलून गेलो, तेव्हा कार्ब्युरेटर नावाची वस्तू मी आयुष्यात पाहिलेली नव्हती. ती गाडीत वर असते की खाली, हेही मला ठाऊक नव्हतं. (बायकोचं म्हणणं, ते अजूनही ठाऊक नाही. पण तिचं माझ्याबद्दलचं मत बाजूला ठेवूनच ही हकिगत सांगावी लागेल, नाहीतर ती फार लवकर संपेल.)

बोलून जाण्याचं कारण म्हणजे थोरले. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, माझे साडू. सासरी ते थोरले जावई आणि मी धाकटा. वयाने ते माझ्याहून थोडेसेच मोठे असतील, पण मानाने विचाराल तर ते डोंगर आणि मी पायथ्याचा दगड. त्यांचं फरश्यांचं दुकान आहे. कुणाच्याही घरी गेले की ते आधी खाली वाकतात, बोटाने फरशी ठोकतात, कान देऊन ऐकतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, "खालून पोकळ आहे." आमच्या नव्या घरी आले तेव्हा त्यांनी दिवाणखान्यातली एकेक फरशी ठोकली. सगळ्या ठोकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठोकलं नाही, एवढंच.

शिवाय त्यांच्याकडे स्वतःचं ड्रिल मशीन आहे. ज्या जावयाकडे ड्रिल मशीन असतं त्याला सासरी चहाबरोबर बिस्किटं न मागता मिळतात. मी विमा कंपनीत क्लार्क. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं एक पंचिंग मशीन आहे, आणि तेही ऑफिसचं.

तर झालं असं. सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, एक जुनीपुराणी मोटरसायकल आहे. सासूबाई तिला फटफटी म्हणतात. दोन सिलिंडरची, म्हणून दोन कार्ब्युरेटरची. तरुणपणी बाबांनी ती अशी काही पळवली होती म्हणे, की सासूबाईंच्या भावाने लग्नात सगळ्यांसमोर भविष्य वर्तवलं होतं, "ही फटफटी आणि हा नवरा, दोन्ही फार दिवस टिकायचे नाहीत." दोन्ही टिकले. मात्र फटफटी गेली कित्येक वर्षं मागच्या शेडमध्ये चादर पांघरून पडली होती. आता लग्नाचा वाढदिवस तोंडावर आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "त्या दिवशी मला फटफटीवर मागे बसवून भावाकडे न्यायचं. त्याच्या दारात हॉर्न वाजवायचा. बस्स, मला दुसरं काही नको."

बाबा म्हणाले, "अगं, पण ती सुरू कुठे होतेय?"

त्यावर थोरल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. (हा माणूस कपसुद्धा असा ठेवतो की सगळ्यांनी गप्प व्हावं.) ते शेडमध्ये गेले, गाडीजवळ नाक नेलं, वास घेतला आणि परत येऊन म्हणाले, "कार्ब्युरेटर साफ करावे लागतील. दोन्ही."

"अगंबाई!" माझी बायको म्हणाली. "भाऊजी, नुसत्या वासावरून? तुम्हाला कसं हो सगळं कळतं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'तुम्हाला कसं हो कळतं' हे वाक्य मी तिच्या तोंडून माझ्यासाठी ऐकलेलं नाही. माझ्या वाट्याला येतं ते 'तुम्हाला कसं हो कळत नाही.' फरक एका 'नाही'चा, पण त्या 'नाही'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी बोलून गेलो, "त्यातला एक मी करतो की!"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शस्त्रक्रिया करतो म्हणालो होतो. थोरले मिशीत हसले. पण बाबा! बाबा ताडकन उठले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "वा! वा! डावा तुम्ही घ्या. नक्की घ्या. आता मागे हटायचं नाही हं!"

त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. थोरल्यांचा चेहरा किंचित उतरला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अशा रीतीने उजवा कार्ब्युरेटर थोरल्यांच्या घरी गेला आणि डावा टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी बसमधून आमच्या घरी आणला. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी टॉवेलात डोकावून पाहिलं आणि जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामाला बसलो. मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, "झाकण हळूच उघडा, आत स्प्रिंग आहे." यातलं 'झाकण उघडा' मी ऐकलं त्या वेळी केलं आणि 'आत स्प्रिंग आहे' ऐकलं त्या वेळी स्प्रिंग खिडकीतून बाहेर गेली होती. ती खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या गॅलरीत पडली. त्यांना ऐकायला कमी येतं.

"आजोबा, माझी स्प्रिंग तुमच्याकडे आली आहे!"

"कोण आली आहे?"

"स्प्रिंग! उडून आली!"

"पळून आली? अरेरे. वय काय?"

"वय नाही हो. लोखंडाची आहे!"

"मुलगी लोखंडाची असली तरी तिला असं घालवून देऊ नये," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शेवटी बायको खाली गेली आणि स्प्रिंग घेऊन वर आली. वर येताना तिने नक्की काय सांगितलं कोण जाणे, पण तेव्हापासून आजोबा मला पाहिलं की मान हलवतात.

कार्ब्युरेटरच्या पोटात एक वाटी असते, वाटीत पेट्रोल साठतं, आणि त्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो जेट. जेट म्हणजे काय, तर पितळेचा एक चिमुकला स्क्रू. मधोमध केसाएवढं भोक. त्या भोकातून पेट्रोल वर चढतं आणि गाडी पळते. (नुसतं सुरू राहण्यापुरतं पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं.) आमच्या जेटचं भोक जुन्या पेट्रोलच्या हिरव्या चिकट राळेने बुजलेलं होतं. एवढं मोठं ते धूड, एवढा त्याचा आवाज, आणि सगळं अडलंय कुठे, तर एवढ्याशा भोकात! इथेच घोडं पेंड खात होतं.

आधी मी सगळा कार्ब्युरेटर धुण्याच्या सोड्यात उकळला. उकळायला स्वयंपाकघरातलं सगळ्यात छोटं पातेलं घेतलं, तेवढीच काटकसर. पंधरावीस मिनिटांनी झाकण काढलं तर आत गेलेला राखाडी कार्ब्युरेटर काळाठिक्कर होऊन बाहेर आला. अॅल्युमिनियमसारखा धातू सोड्यात उकळायचा नसतो, हे त्या व्हिडिओतला माणूस पुढच्या भागात सांगणार होता.

सकाळी बायकोने चहाचा घोट घेतला आणि कप दूर धरला.

"चहाला कसला वास येतोय हो?"

"मला तर नाही येत."

"पेट्रोलचा."

"काहीतरीच तुझं," असं म्हणून मी माझा कप संपवला, आणि संशय राहू नये म्हणून तिचाही संपवला. त्या दिवशी ऑफिसात दुपारपर्यंत मी कुणाला सिगारेट पेटवून माझ्या टेबलाजवळ उभं राहू दिलं नाही.

संध्याकाळी न राहवून मी ताईंना, म्हणजे थोरल्यांच्या बायकोला, फोन केला.

"सहजच केला हो ताई. सगळे बरे ना? थोरले काय करताहेत?"

"झोपलेत."

"झोपलेत? आणि ते... उजवं?"

"उजवं काय?"

"कार्ब्युरेटर!"

"तो होय? तो कालच झाला. शोकेसमध्ये ठेवलाय. नुसता चांदीसारखा चमकतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतेय मी."

फोन ठेवला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. चांदीसारखा! आणि माझा तव्यासारखा! जळफळाटाच्या भरात मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि जेटच्या भोकात खुपसली. फिरवली. दाबली. कट्. अर्धी सुई माझ्या बोटांत राहिली आणि अर्धी भोकात. ती पुढे जाईना, मागे येईना. पूर्वी त्या भोकातून काही जायची थोडीतरी आशा होती. आता मी त्याला कायमचं बूच बसवलं होतं.

रविवारी सकाळी मी थोरल्यांच्या घरी गेलो. खिशात स्क्रू ड्रायव्हर होता आणि रुमालाच्या पुरचुंडीत माझा जेट. मी असा माणूस नाही. ऑफिसातून पेन्सिलसुद्धा घरी आणत नाही. पण मत्सराने माणसाचं काय होतं पाहा! दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट एकसारखे असतात, एवढी माहिती मी व्हिडिओतून बरोबर उचलली होती. माझा जेट त्यांच्यात, त्यांचा माझ्यात. मग बघू कोण चांदी आणि कोण तवा.

"थोरले, जरा ड्रिल मशीन मिळेल का?" मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. ड्रिल मशीन मागणारा पाहुणा त्यांना देवासारखा. ते आतल्या खोलीत गेले आणि तिथूनच मोठमोठ्याने विचारू लागले, "भिंत विटांची की काँक्रीटची? भोक केवढं?" ताई स्वयंपाकघरात होत्या. शोकेसमध्ये मखमलीच्या तुकड्यावर उजवा कार्ब्युरेटर झळकत होता. मी तो काढला आणि वाटीचे स्क्रू फिरवले.

"भोक केवढं, धाकटे?"

"केसाएवढं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"केसाएवढं? अहो, मग ड्रिल कशाला, टाचणी घ्या!"

"छे छे, म्हणजे करंगळीएवढं!"

जेट निघाला, जेट बसला. त्यांच्या जेटकडे बघायला वेळ होता कुठे, तो तसाच खिशात टाकला. वाटी लावली. एक स्क्रू, दुसरा, तिसरा, आणि चौथा हातातून निसटून सोफ्याखाली. मी जमिनीवर आडवा झालो आणि सोफ्याखाली हात घातला. स्क्रू हाती लागला, तोच थोरले ड्रिल घेऊन बाहेर. स्क्रू मी मुठीत आणि कार्ब्युरेटर सोफ्याखाली लपवू शकत होतो, पण सोफ्याबाहेर राहिलेले पाय कुठे लपवणार? पाचावर धारण बसली.

"धाकटे, खाली काय करताय?"

"फरशी," मी म्हणालो. देव तोंडी शब्द देतो म्हणतात, तसे आले. आतल्या आत दोनदा बोटाने ठोकलं. "खालून पोकळ वाटतेय."

थोरल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जगभरच्या फरश्या ज्याने पोकळ ठरवल्या, त्याच्या स्वतःच्या घरात! "शक्यच नाही," असं पुटपुटत त्यांनी ड्रिल खाली ठेवलं आणि दोन्ही गुडघ्यांवर बसून ते ठोकायला लागले. एक ठोकली, कान दिला. दुसरी ठोकली, कान दिला. ठोकत ठोकत ते पार दुसऱ्या खोलीत गेले. तेवढ्यात मी चौथा स्क्रू पिळला, कार्ब्युरेटर मखमलीवर ठेवला आणि नको असलेलं ड्रिल मशीन काखोटीला मारून घरी आलो. (नंतर कळलं, त्यांनी त्या दिवशी दोन फरश्या उखडून पाहिल्या. दोन्ही भक्कम निघाल्या. तेवढं एक मनाला अजून लागून आहे. फार नाही.)

घरी येऊन मी त्यांचा जेट माझ्या कार्ब्युरेटरमध्ये बसवला आणि निर्धास्त झोपलो.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच सगळे जमलो. थोरल्यांचा कार्ब्युरेटर पाहून सासूबाई म्हणाल्या, "आरसाच जणू." माझा पाहून म्हणाल्या, "हा... पुसायचा राहिलाय का?"

"रूपावर जाऊ नका," मी म्हणालो. "आतून बघा."

बाबांनी दोन्ही जागेवर बसवले. सासूबाई नवी साडी, पर्स, डोळ्यांवर गॉगल, अशा तयारीने मागच्या सीटवर जाऊन बसल्या. बाबांनी किक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या किकेला गाडी फुत्कारली आणि चक्क सुरू झाली! टाळ्या झाल्या. थोरल्यांनी मान झुकवून त्या स्वतःकडे घेतल्या. मी मनात म्हणालो, थांब, आता उजवा सिलिंडर बंद पडू दे.

बाबांनी अॅक्सिलरेटर पिळला. गाडी खोकली आणि मेली.

पुन्हा किक, पुन्हा सुरू, पुन्हा पिळला, पुन्हा मेली. उभ्या उभ्या घुरघुर करायची आणि चला म्हटलं की प्राण सोडायची. अगदी आमच्या ऑफिसातल्या जुन्या नोकरवर्गासारखी. मला कळेना. उजवा मेला ते ठीक, पण डावा? डाव्यात तर थोरल्यांचा जेट आहे!

"तुम्ही सगळे आत जा," बाबा म्हणाले. "चहा घ्या. धाकटे, तुम्ही थांबा."

थोरले थबकले. "मी थांबू का? मला वास घेऊन..."

"नको. फक्त धाकटे."

जाताना थोरल्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती नजर मी ओळखली. रोज आरशात पाहतो.

शेडमध्ये आम्ही दोघेच उरलो. बाबांनी आधी डावा उघडला. त्यातला जेट उजेडाकडे धरला. भोक हिरव्या राळेने गच्च. म्हणजे थोरल्यांनी उजवा उघडलाच नव्हता! वरून पॉलिश मारून शोकेसमध्ये ठेवला होता. आणि मी, जिवावर उदार होऊन, फरशीवर लोळून, तो बुजका जेट चोरून आणला होता. हात दाखवून अवलक्षण ते याला म्हणतात.

मग बाबांनी उजवा उघडला. त्या जेटच्या भोकात पोलादाचा ठिपका चमकत होता.

"शिवणाची सुई," बाबा म्हणाले. "थोरल्यांच्या घरी बटण तुटलं तर शर्ट टाकून देतात. शिवणाचं मशीन मी धाकट्या मुलीला दिलं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उजव्यात कशी गेली हो?"

मी मान खाली घातली. आता चहा तर सोडाच, उंबराही दिसायचा नाही, असं वाटलं. पण बाबांनी तो जेट शांतपणे परत उजव्यात बसवला, बुजका डाव्यात बसवला, वाट्या घट्ट लावल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकले.

"धाकटे, खरं सांगू? गाडी आता झेपत नाही मला. परवा नुसती स्टँडवरून काढली तर गुडघे लटपटले. हिला मागे घेऊन रस्त्यात पडलो तर? पण सांगणार कसं? आयुष्यभर हिला सांगत आलोय, या गाडीवर बसलो की मी पंचविशीचा होतो. आता 'भीती वाटते' हे कोणत्या तोंडाने सांगू?"

बोलताना ते आपले गुडघे चोळत होते. मी गाडीच्या सीटवर हात ठेवला, आणि तो काळा झाला.

"गाडी सुरू होऊ नये एवढीच माझी इच्छा होती," बाबा पुढे म्हणाले. "पण थोरल्यांनी मध्येच वास घेतला. ते काय, मारतील चार हातोडे आणि चुकून करतील सुरू. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, एक मी करतो. जीव भांड्यात पडला हो! म्हटलं, आता काळजी नाही. थोरल्यांचा नेम नाही, पण तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा."

कुणी मानी माणूस असता तर तिथून उठून गेला असता. मी जरा जवळ सरकलो.

"म्हणजे... थोरल्यांपेक्षाही जास्त?"

"कितीतरी जास्त!"

काय सांगू, माझा ऊर भरून आला.

बाहेर येऊन बाबांनी जाहीर केलं, "दोन्ही कार्ब्युरेटर गेले. या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत." सासूबाईंनी गॉगल काढला. क्षणभर त्या गाडीकडे बघत राहिल्या. मग बाबांकडे, त्यांच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या, "बरं. मग बसने जाऊ. हॉर्न मी तोंडाने वाजवीन." आणि खरोखरच भावाच्या दारात त्यांनी तो वाजवला, असं ऐकतो.

घरी येताना बायको म्हणाली, "भाऊजींचा निदान चमकत तरी होता."

"बाबांनी मला एकट्याला का थांबवून घेतलं, माहीत आहे?" मी म्हणालो. "म्हणाले, थोरल्यांपेक्षा तुमच्यावर माझा कितीतरी जास्त भरवसा आहे."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "खरंच? असं म्हणाले बाबा? कशाबाबत?"

"एकंदरीतच," मी म्हणालो.

तिने बसमधूनच ताईंना फोन लावला. रात्री थोरल्यांचा मला फोन आला. आधी ड्रिल मशीन परत मागितलं, मग आवाज बदलून विचारलं, "बाबा नक्की काय म्हणाले हो?"

"ते आमच्या दोघांतलं आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्या रात्री मला जशी झोप लागली तशी लग्नानंतर लागली नव्हती.

आठवड्याने बाबांचा फोन आला. आवाज दबलेला होता, बहुतेक सासूबाई पलीकडच्या खोलीत असाव्यात.

"धाकटे, हिने माझे गुडघे धरायला नकोत म्हणून चालण्याचं मशीन आणलंय घरात. ट्रेडमिल. रोज सकाळ-संध्याकाळ मला त्यावर उभं करते. तुम्ही जरा हत्यारं घेऊन येऊन जाता का? थोरल्यांना काही बोलू नका."

थोरल्यांना नाही, मला! मी उभ्या उभ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"निघालोच बाबा! काय बिघडलंय त्याचं?"

"काही नाही हो," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बोलावतोय."